धुक्यात धावताना शरीर कसं गारठतं

२२ मे २०२१. चीनच्या गान्सू प्रांतात, बाइयिन शहराच्या हद्दीत, सकाळी नऊ वाजता शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत सुरू झाली. पिवळ्या नदीच्या काठचा हा भाग तिथल्या दगडी सुळक्यांसाठी प्रसिद्ध आहे. मातकट खडक, उघडे-बोडके डोंगर, आडोशाला झाड म्हणाल तर जवळजवळ नाही. १७२ स्पर्धक होते. उन्हाळ्याचे दिवस, त्यामुळे बहुतेकांच्या अंगात पातळ टी-शर्ट आणि अर्धी चड्डी. वाऱ्यापावसाचं जाकीट आणावं, अशी आयोजकांची शिफारस होती, सक्ती नव्हती. अनेकांनी जाकीट आणलं होतं, पण ते पुढच्या टप्प्यावर पाठवायच्या पिशवीत टाकून दिलं होतं. ती पिशवी मिळणार होती साठ किलोमीटरच्या पलीकडे.

दुपारच्या सुमारास हवा फिरली. आधी सोसाट्याचा वारा, मग गारा, मग बर्फासारखा पाऊस. समोरचं दिसेना. त्या वेळी सगळ्यांत पुढचे धावपटू दुसऱ्या आणि तिसऱ्या चेक पॉइंटच्या मधल्या चढावर होते. सुमारे आठ किलोमीटरमध्ये जवळजवळ हजार मीटर चढायचे होते. तिथे गाडी पोहोचत नाही. वरच्या चेक पॉइंटवर खाणं नव्हतं, गरम पाणी नव्हतं आणि शर्यत सोडून खाली उतरायला रस्ताही नव्हता. रात्रभर हजारावर माणसं शोध घेत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा पक्का झाला: २१ मृत्यू. त्यात ल्यांग जिंग होता, चीनमधल्या दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंमधलं सर्वांत मोठं नाव. वय अवघं ३१.

ही बातमी आली तेव्हा माझ्या ओळखीच्या धावणाऱ्या मंडळींनी एकच प्रश्न विचारला. डॉक्टर, एवढे तयारीचे गडी गेले कसे? मागे रेंगाळणारे वाचले आणि पुढचे गेले, हे उलटंच नाही का?

उलटं वाटतं, पण शरीरशास्त्राच्या हिशेबाने ते सरळ आहे. वादळ आलं तेव्हा पुढचे सर्वांत उंचावर, सर्वांत उघड्यावर होते. मागच्यांना माघारी फिरणं शक्य होतं आणि अनेक जण फिरलेही. शिवाय जो सर्वांत वेगवान, तो बहुधा सर्वांत सडपातळ. त्याच्या कातडीखाली चरबीचा थर नावालाच. तो सर्वांत कमी सामान घेतो आणि अंगातली साखर सर्वांत आधी जाळून बसतो. चांगल्या हवेत ज्या गोष्टी त्याला जिंकून देतात, त्याच वादळात त्याच्या विरोधात जातात.

आता हा उष्णतेचा हिशेब जरा नीट मांडतो, कारण आपल्याकडे 'गारठून मरणं' म्हणजे हिमालय, बर्फ, सियाचिन असा समज आहे. तो खरा नाही.

साठ किलोचा माणूस स्वस्थ बसलेला असताना तासाला सुमारे ६० किलोकॅलरी ऊर्जा वापरतो. तोच माणूस ताशी दहा किलोमीटर वेगाने धावू लागला, की हा आकडा ६०० च्या घरात जातो. किलोमागे, किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरी, हा ढोबळ नियम. यातला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो. म्हणजे धावणारा माणूस ही पेटती चूल आहे. म्हणूनच पाच-सात अंशांच्या थंडीतही तो बनियनवर धावू शकतो आणि वर घामही गाळतो. त्याला वाटतं, आपल्याला थंडी बाधत नाही. खरं तर थंडी आणि चूल यांची बरोबरी झालेली असते, एवढंच. चुलीतलं लाकूड संपलं किंवा कुणी ते बाहेर ओढलं, की बरोबरी मोडते.

दुसरी बाजू पाण्याची. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. ओला कपडा अंगाला चिकटला, की कपड्याच्या धाग्यांमध्ये अडकलेली कोरडी हवा, जी खरी ऊब देते, ती नाहीशी होते. मग वारा येतो आणि ते पाणी उडवू लागतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. भिजलेल्या कपड्यांमध्ये अर्धा लिटर पाणी सहज असतं. ते वाऱ्याने वाळायचं, तर त्यासाठी लागणारी उष्णता स्वस्थ बसलेल्या माणसाच्या चार-पाच तासांच्या कमाईएवढी होते. ती सगळीच अंगातून जाते असं नाही, काही हवेतूनही येते. पण पाऊस थांबलेला नसतो, कपडा पुन्हा भिजतच असतो. हा खर्च संपत नाही.

हवामानखातं थंड प्रदेशात 'वाऱ्यासह जाणवणारं तापमान' सांगतं. हवेचं तापमान पाच अंश आणि वारा ताशी चाळीस किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ते शून्याच्या खाली असल्यासारखं लागतं. पण हे गणित कोरड्या कातडीचं आहे. ओल्या माणसाची अवस्था त्याहून वाईट.

या विषयाचा पहिला नीट अभ्यास ज्या अपघातामुळे झाला, तो इंग्लंडमधला. मार्च १९६४ मध्ये डर्बीशरच्या डोंगराळ माळरानावर तरुण स्काउटांची लांब पल्ल्याची चालण्याची स्पर्धा होती. पाऊस, वारा, तापमान शून्याच्या जरा वर. म्हणजे बर्फाचं वादळ वगैरे काही नव्हतं. तिकडच्या मार्चमधली एक खराब रात्र. तीन धडधाकट तरुण मेले. ग्रिफिथ प्यू नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने या प्रकरणाचा माग काढला. हा तोच प्यू, जो १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत होता आणि ज्याने गिर्यारोहकांनी किती पाणी प्यावं, किती प्राणवायू घ्यावा, याचे हिशेब मांडले होते. त्याने पुढे प्रयोगशाळेत माणसांना तसेच कपडे घालून, ओले करून, वाऱ्यात व्यायाम करायला लावला. निष्कर्ष असा, की ओलं आणि वारा एकत्र आले, की कपड्यांची ऊब अगदी थोडी शिल्लक राहते. जोवर माणूस जोरात चालू शकतो, तोवर तो तग धरतो. दमून वेग कमी झाला, की शरीराचं तापमान घसरू लागतं. थकवा आणि थंडी ही दोन वेगळी कारणं नसून एकाच घसरगुंडीच्या दोन बाजू आहेत, हे त्याने दाखवलं. मला विचाराल तर डोंगरात धावणाऱ्या प्रत्येकाला एव्हरेस्टवीरांच्या आधी प्यूचं नाव ठाऊक असायला हवं.

आता यात धुकं घाला.

धुक्याला आपण दृश्य म्हणून पाहतो. फोटो छान येतात. हवामानशास्त्रात एक किलोमीटरच्या पलीकडचं दिसेनासं झालं, की त्याला धुकं म्हणतात. डोंगरमाथ्यावर मात्र आपण थेट ढगातच असतो आणि तिथे वीस पावलांवरचा माणूस दिसत नाही. अशा वेळी धावपटूला पहिली गोष्ट करावी लागते ती म्हणजे वेग कमी करणं. पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, खुणेचा झेंडा दिसत नाही, वाट फुटते तिथे थांबून विचार करावा लागतो. म्हणजे चूल मंदावते, आणि ती नेमकी अशा वेळी मंदावते जेव्हा अंग ओलं आहे आणि वारा चालू आहे. धुकं स्वतः फार थंड नसतं. ते माणसाला थांबवतं, आणि थांबणं महागात पडतं.

त्यात माणूस सरळ चालत नाही. २००९ साली जर्मनीतल्या एका संशोधक गटाने हे मोजून दाखवलं. त्यांनी लोकांना जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सोडलं, सांगितलं की एका दिशेने सरळ चालत राहा. सूर्य दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरून आलं, तेव्हा जंगलातले लोक गोल गोल फिरू लागले आणि आपलीच वाट पुन्हा ओलांडू लागले; तरी त्यांना वाटत होतं आपण सरळच चाललोय. डोळे बांधून चालवलं तेव्हा काही जणांचा फेरा वीस मीटरइतका लहान झाला. एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असतो म्हणून असं होतं, ही जुनी समजूतही त्यांनी तपासली आणि ती टिकली नाही. तोच माणूस कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे. मेंदूला बाहेरची खूण मिळाली नाही, की 'सरळ'चा अंदाज हळूहळू सरकत जातो. चकव्याच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या आहेत. रात्रभर चालून पहाटे त्याच वडाखाली आलेला माणूस खोटं बोलत नसावा.

थंडीचा पुढचा घाव हातांवर पडतो. शरीर आतले अवयव, म्हणजे हृदय, मेंदू, यकृत उबदार ठेवण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा आखडतं. हा निर्णय शहाणपणाचा आहे, पण त्याची किंमत बोटं मोजतात. थंड झालेल्या स्नायूत ताकद राहत नाही, थंड मज्जातंतूतून संदेश हळू जातो. पाठपिशवीची चेन उघडत नाही. बिस्किटाचा पुडा दातांनी फाडावा लागतो. फोनच्या ओल्या पडद्याला बोटाचा स्पर्श कळत नाही. माझा धावणाऱ्यांना पहिला सल्ला म्हणूनच असा असतो, की जाकीट थंडी वाजल्यावर घालायचं नसतं. पाऊस सुरू होताना, बोटं चालत असताना घालायचं. थंडी वाजेपर्यंत थांबलात, तर जाकीट पिशवीतच राहतं आणि तुम्ही पिशवीकडे बघत राहता.

शरीराचं आतलं तापमान एरवी ३७ अंशांच्या आसपास असतं. ते ३५ च्या खाली गेलं, की आम्ही त्याला हायपोथर्मिया म्हणतो. सुरुवातीला जोरदार हुडहुडी भरते. हुडहुडी म्हणजे स्नायूंची बिनकामाची धडपड. तिच्यातून विश्रांतीच्या चार-पाच पट उष्णता तयार होते. पण तिला इंधन लागतं, ते म्हणजे साखर आणि स्नायूंतलं ग्लायकोजेन. ज्याने आधीच पंचवीस-तीस किलोमीटर डोंगर तुडवलाय, त्याच्याकडे ते उरलेलं नसतं. त्यामुळे दमलेल्या धावपटूची हुडहुडी लवकर थकते. तापमान ३२ च्या खाली गेलं, की ती हळूहळू थांबते. लोकांना वाटतं, बरं झालं, याची थंडी गेली. वस्तुतः तिथून परिस्थिती गंभीर होते.

याच्याही आधी डोकं चुकायला लागतं. माणूस चिडचिड करतो, नाहीतर एकदम गप्प होतो. जीभ जड होते, पाय अडखळतात, हातातून वस्तू पडते. विचारलं तर सांगतो, 'मी ठीक आहे.' त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये. शंभरातून सात-सात वजा करायला सांगा, नाहीतर एका सरळ रेषेत दहा पावलं टाकायला सांगा. शेवटच्या टप्प्यात काही माणसं अंगावरचे कपडे काढून टाकतात. आखडलेल्या रक्तवाहिन्या अखेर सैल पडतात, कातडीला एकाएकी गरम वाटतं आणि भ्रमिष्ट मेंदू कपडे फेकायला लावतो, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. असा माणूस सापडला, तर लोक भलतेच तर्क करतात. तापमान २८ च्या खाली गेलं, की हृदयाची लय कधीही बिघडू शकते, साध्या धक्क्यानेही.

आमच्या घाटाजवळच्या सरकारी रुग्णालयात पावसाळ्यात असा एखादा तरी रुग्ण येतो. एका जुलैमध्ये रात्री नऊच्या सुमारास विशीतला मुलगा आणला. सकाळी मित्रांबरोबर एका किल्ल्यावर पळत चढायची पैज लागली होती, उतरताना धुक्यात वाट चुकले आणि पाच-सहा तास भिजत फिरले. मुलगा बरळत होता. बाहेर बाकावर बसलेले दोन आजोबा म्हणाले, 'प्यायलेलं दिसतंय.' मित्र काकुळतीला आलेले, 'सर, शपथ, यानं काही घेतलेलं नाही.' परिचारिकेने काखेत थर्मामीटर लावला. पारा हललाच नाही. याचं कारण साधं आहे. तापाचा थर्मामीटर तापासाठी बनवलेला असतो, त्याच्या खुणा साधारण ९४-९५ फॅरनहाइटपासून, म्हणजे ३५ सेल्सिअसच्या आसपास सुरू होतात. त्याच्या खाली तो आंधळा. कपाळावर धरायचं यंत्र गार, ओल्या कातडीवर काहीही दाखवतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही गारठलेल्या बोटात नाडी शोधत बसतो. शेवटी नवजात बालकांच्या कक्षातून कमी तापमान मोजणारा थर्मामीटर आणला, गुदद्वारातून मोजलं. ३२ च्या जरा खाली भरलं. तिथूनच बाळांसाठीचा वॉर्मरही ओढत आणला. मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी उठून बसला आणि त्याने पोहे मागितले. बाहेरची हवा त्या दिवशी किती होती? अठरा अंश.

अठरा अंश हा आकडा मुद्दाम सांगितला. मुंबई-पुण्याच्या माणसाला तो सुखद वाटतो, एसीवर लावतात त्याहूनही कमी नाही फारसा. पण महाबळेश्वरच्या पट्ट्यात, कळसूबाईच्या वाटेवर, हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये साधारण हीच हवा असते, जोडीला पाऊस, ढग आणि कड्यावरून वर चढणारा वारा. साताऱ्याची यवतेश्वर घाटातली अर्धमॅरेथॉन पावसाळ्यात होते आणि हजारो लोक ती आनंदाने धावतात. ती डांबरी रस्त्यावर आहे, वाटेत माणसं आहेत, रुग्णवाहिका आहेत. तिथे गारठण्याचा धोका असतो तो बहुधा धाव संपल्यावर. घामाने आणि पावसाने भिजलेला माणूस पदक गळ्यात घालून फोटोसाठी वाऱ्यात अर्धा तास उभा राहतो आणि मग दातावर दात वाजतात. कोरडा टी-शर्ट आणि टॉवेल शेवटच्या रेषेजवळ कुणाकडे तरी ठेवावा, एवढं तिथे पुरतं. मला जास्त काळजी वाटते ती अलीकडे फोफावलेल्या लहान-मोठ्या जंगलधावांची, जिथे डांबर नाही, मोबाइलला रेंज नाही आणि आयोजकाच्या यादीत 'जाकीट आणल्यास उत्तम' असं लिहिलेलं असतं.

'आणल्यास उत्तम' या शब्दांवर माझा आक्षेप आहे. ज्याला वेळ वाचवायचा आहे, तो वजन वाचवणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. नियम सगळ्यांना सारखा असेल आणि सुरुवातीच्या रेषेवर पिशव्या तपासल्या, तरच तो पाळला जातो. इंग्लंडमधल्या जुन्या डोंगरी शर्यतींत हेच करतात. पूर्ण अंग झाकणारे जलरोधक कपडे, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, आणीबाणीसाठी खाऊ. हे नसेल तर धावता येत नाही.

याचा परिणाम काय होतो, ते ऑक्टोबर २००८ मध्ये दिसलं. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये बॉरोडेल खोऱ्यात दोन दिवसांची डोंगरी मॅरेथॉन होती. सुमारे अडीच हजार स्पर्धक, दोघादोघांच्या जोड्या, नकाशावरून स्वतः वाट शोधायची आणि रात्री डोंगरातच मुक्काम करायचा. पहिल्याच दिवशी तुफान पाऊस आणि वादळी वारा आला, ओढे दुथडी भरले, शर्यत थांबवावी लागली. त्या संध्याकाळी बातम्यांत सतराशे धावपटू 'बेपत्ता' असल्याचं सांगत होते. दुसऱ्या दिवशी ते सगळे सापडले. खरं म्हणजे हरवले नव्हतेच. कुणी तंबू ठोकून झोपलं होतं, कुणी गोठ्यात, शेकडो जणांना होनिस्टर घाटातल्या पाटीच्या दगडाच्या खाणीने आसरा दिला होता. एकही मृत्यू झाला नाही. प्रत्येकाच्या पाठीवर तंबू, झोपायची पिशवी, कोरडे कपडे आणि खाणं होतं, कारण त्याशिवाय शर्यतीत प्रवेशच नव्हता. गान्सूमध्ये वादळ काही तासांचं होतं, इथे दिवसभराचं.

गान्सूच्या धावपटूंजवळ अगदीच काही नव्हतं, असं नाही. चकचकीत पातळ चादर, जी आणीबाणीत अंगाभोवती गुंडाळतात, ती काहींकडे होती. वाऱ्याने तिच्या चिंध्या केल्या. ही चादर अंगातून किरणांच्या रूपाने जाणारी उष्णता परतवते. वादळात उष्णता मुख्यतः वाऱ्याने आणि बाष्पीभवनाने जाते, तिथे चादरीचा उपयोग तिने वारा अडवला तरच. त्यामुळे उघडी चादर घेण्यापेक्षा आत शिरता येईल अशी पिशवी घ्यावी. ती मिळाली नाही, तर कचऱ्यासाठीच्या मोठ्या काळ्या प्लास्टिक पिशवीला डोक्यापुरतं भोक पाडा. दिसायला वाईट, वजनाला नगण्य.

तिथल्या सहा जणांचा जीव वाचवला तो एका मेंढपाळाने. झू केमिंग त्याचं नाव. पाऊस आला तेव्हा तो मेंढ्या घेऊन डोंगरातल्या एका गुहेत आसऱ्याला गेला होता. तिथे त्याने अडीअडचणीसाठी सरपण, कपडे आणि रजया ठेवलेल्या होत्या. एक धावपटू बाहेर उभा दिसला, त्याला आत घेतलं, शेकोटी पेटवली. मागून आणखी आले. मग हा पुन्हा बाहेर पडला आणि बेशुद्ध पडलेल्या एकाला उचलून घेऊन आला. आपल्याकडच्या धनगराला यात काही नवल वाटणार नाही. घोंगडीची खोळ अंगावर घेऊन तो श्रावणात दिवसभर माळावर उभा असतो. लोकरीचा धागा मुळातच कुरळा. भिजला तरी तो पुरता बसत नाही, त्यात थोडी हवा राहते. सुती कापड पाणी पितं आणि अंगाला चिकटतं. डोंगरात पावसाळी धावेला सुती बनियन घालू नये, ते यासाठी. भातलावणीला बायका इरलं पाठीवर घेतात, तेही पाऊस आणि वारा दोन्ही अडवतं.

धुक्यात अडकलात तर काय करायचं, याचं उत्तर थांबा की चला, असं एका शब्दात देता येत नाही. वाट नक्की माहीत असेल, अंगात ताकद असेल, तर खाली उतरा. उंची कमी झाली की वारा कमी होतो. उतरायचं ते आलेल्या वाटेने. ओढ्याच्या कडेने उतरू नका, सह्याद्रीत ओढे कड्यावरून उडी घेतात. वाट माहीत नसेल, तर आडोसा शोधा आणि तिथेच राहा, दगडावर नाही, पिशवीवर किंवा दोरावर बसा, एकमेकांना चिकटून बसा. काहीतरी गोड खा, भूक नसली तरी. शिट्टी वाजवा, दर मिनिटाला सहा वेळा. ओरडण्याने घसा बसतो आणि आवाज धुक्यात पोहोचत नाही. सोबतचा अडखळू लागला, तर त्याच्या वेगाने सगळ्यांनी जायचं. त्याला मागे ठेवून मदत आणायला धावू नका, किमान एकाने त्याच्याजवळ थांबलंच पाहिजे.

गारठलेला माणूस शुद्धीवर आणि हुडहुडत असेल, तर काम तुलनेने सोपं. वाऱ्यापासून आत घ्या, ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, डोकं झाका, गरम गोड चहा द्या. चहातली ऊब थोडी, साखर महत्त्वाची. लगेच चालवू नका. अर्धा तास तरी असं गुंडाळून, पोटात काही गेल्यावर मगच उठवा. हातपाय चोळू नका आणि आगीजवळ धरू नका. बधिर कातडी भाजलेली कळत नाही. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून छातीवर आणि काखेत ठेवा. ब्रँडी किंवा रमचा घोट देणं हा जुना गैरसमज आहे, अजून काही केल्या जात नाही. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, ऊब बाहेर पडते आणि रक्तातली साखर उतरते. प्यायलेल्याला छान वाटतं, एवढंच.

हुडहुडी थांबली असेल, माणूस बरळत किंवा गुंगीत असेल, तर त्याला काचेच्या भांड्यासारखं हाताळा. आडवं ठेवा, आडवंच उचला, चालवू नका, तोंडात काही घालू नका. नाडी लागत नसेल, तर घाईने निष्कर्ष काढू नका. अशा माणसाची नाडी आणि श्वास फार मंद असतात, पुरतं एक मिनिट तपासा. खरंच नसतील तर छाती दाबायला सुरुवात करा आणि मदत येईपर्यंत थांबू नका. १९९९ च्या मे महिन्यात नॉर्वेत आना बोगेनहोल्म ही तरुण स्वीडिश डॉक्टर स्कीइंग करताना गोठलेल्या ओढ्यात बर्फाखाली अडकली. ऐंशी मिनिटांनी बाहेर काढली तेव्हा हृदय थांबलं होतं. रुग्णालयात तिचं तापमान १३.७ अंश भरलं. तिचं रक्त यंत्रातून गरम करून परत फिरवलं गेलं, ती जगली आणि पुढे त्याच रुग्णालयात रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम करू लागली. आपल्या डोंगरात इतकी थंडी नाही आणि तालुक्याला तसं यंत्रही नाही, त्यामुळे चमत्काराची हमी कुणी देऊ नये. पण गारठलेल्या माणसाला मृत ठरवण्याआधी गरम करावं, हा नियम आम्ही इथेही पाळतो.

१०८ ला फोन कराल, तेव्हा 'एक जण बेशुद्ध आहे' एवढंच सांगू नका. तो किती तास भिजलेला आहे, हुडहुडी चालू आहे की थांबली, शेवटचं कधी खाल्लं, मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेतो का, पडून डोक्याला मार लागलाय का, हे सांगा. गाडी कुठवर येऊ शकते ते गावातल्या माणसाला विचारून नेमकं सांगा, वाडीचं नाव घेऊन. आणि गाडीत बसल्यावर चालकाला हीटर लावायला सांगा. पावसाळ्यात काचेवरचं धुकं घालवायला तो बहुधा एसी लावून ठेवतो.